फोनचं रूप बदलणार आहे, तुमचा व्यवसाय तयार आहे का?



आज सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो. माझ्या ऑफिसच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, १८० पुस्तिका पडून आहेत. ‘मोबाइलवरून व्यवसाय’ या कार्यशाळेसाठी मी त्या छापून घेतल्या होत्या. एकूण ५०० प्रती, एका प्रतीला ६२ रुपये, म्हणजे ३१ हजारांचा खर्च. प्रत्येक पानावर फोनच्या स्क्रीनचे रंगीत फोटो, त्यावर बाण, ‘इथे दाबा’, ‘मग इथे दाबा’. मला वाटलं, आता दोन वर्षं काळजी नाही.

तीन महिन्यांत एका बॅचमध्ये मागच्या रांगेतले एक काका उभे राहिले. “सर, पान बारावर जे बटण दाखवलंय ते माझ्या फोनवर नाहीच.” शेजारच्या ताई म्हणाल्या, “माझ्याकडे आहे, पण त्याचा रंग वेगळा आहे आणि ते खाली आहे.” फोनला अपडेट आलं होतं. अर्धा वर्ग नव्या रूपावर, अर्धा जुन्या रूपावर आणि पुस्तिका तिसऱ्याच जगातली! उरलेल्या १८० प्रतींचे ११,१६० रुपये माझ्या चुकीमुळे अडकले. मी ‘कुठे दाबायचं’ ते छापलं होतं. ‘काय करायचं आणि का’ ते छापलं असतं, तर पुस्तिका आजही चालली असती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. फोनच्या सिस्टीममध्ये, म्हणजे अँड्रॉइड आणि आयओएसमध्ये, पुढे काय बदलणार आहे याकडे मी व्यापाऱ्याच्या नजरेनं बघतो. शेतकरी पावसाचा अंदाज बघतो ना, अगदी तसं. पाऊस आपल्या हातात नाही, पेरणी कधी करायची ते मात्र आपल्या हातात आहे.

आधी एक मोठा बदल समजून घ्या

पूर्वी फोनचं रूप कधी बदलायचं? आपण नवीन फोन घ्यायचो तेव्हा. दुकानदार डबा उघडायचा, सिम टाकायचा, दोन-चार गोष्टी समजावून सांगायचा. घरी आल्यावर पुतण्या किंवा शेजारचा मुलगा उरलेलं शिकवायचा.

आता काय होतं? फोन तोच, हातात घेऊन तीन वर्षं झालेली. रात्री चार्जिंगला लावला आणि सकाळी बघतो तर बटणं वेगळी, अक्षरं वेगळी, रंग वेगळा. समजावून सांगायला दुकानदार नाही. हे पुढे आणखी वाढणार आहे, कारण कंपन्या फोनला जास्त वर्षं अपडेट द्यायला लागल्या आहेत. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून त्या मालिकांच्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे ग्राहक एकच फोन सात वर्षं वापरेल आणि तेवढ्यात त्याचं रूप तीन-चार वेळा बदललेलं असेल.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. या लेखातल्या धंद्याच्या सगळ्या संधी याच एका वाक्यातून निघतात.

बदलाचं कॅलेंडर

फोनच्या दुनियेलाही पंचांग आहे. साधारण मे महिन्यात गूगलची आय/ओ परिषद होते आणि अँड्रॉइडमध्ये काय येणार ते कळतं. जूनमध्ये अ‍ॅपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी परिषद होते, तिथे आयओएसचं नवं रूप दाखवतात. अ‍ॅपलचं अपडेट सप्टेंबरच्या सुमारास एकाच वेळी सगळ्या पात्र आयफोनना मिळतं.

अँड्रॉइडचं तसं नाही. गूगलने तयार केलेली आवृत्ती आधी पिक्सेल फोनना मिळते. मग सॅमसंग त्यावर आपलं वन यूआय चढवतं, शाओमी हायपरओएस, ओप्पो कलरओएस, वनप्लस ऑक्सिजनओएस. साखर एकच, पण कोणी त्याची बर्फी करतं, कोणी पेढा. त्यामुळे आपल्या ग्राहकांपर्यंत तो बदल कधी दोन महिन्यांनी, कधी आठ महिन्यांनी पोहोचतो.

याचा आपल्याला फायदा आहे. मे-जूनमध्ये बातमी कळते आणि बाजारात बदल दिसायला दिवाळी, कधी कधी होळी उजाडते. तयारीला इतका वेळ दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो सांगा!

जूनमधलं रूप आणि सप्टेंबरमधलं रूप

पण इथे एक खड्डा आहे. परिषदेत दाखवलेलं रूप जसंच्या तसं बाजारात येईलच असं नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं २०२१ चं. आयओएस १५ मध्ये अ‍ॅपलने सफारी ब्राउजरची पत्त्याची पट्टी वरून उचलून खाली आणली. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी भरपूर तक्रारी केल्या. सप्टेंबरपर्यंत अ‍ॅपलने तिच्यात बरेच फेरफार केले आणि पट्टी पुन्हा वर नेण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये दिला.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ९ जून २०२५ रोजी अ‍ॅपलने ‘लिक्विड ग्लास’ नावाचं नवं रूप दाखवलं आणि आवृत्तीचा क्रमांक आयओएस १८ वरून थेट २६ वर नेला. बटणं, मेन्यू, पट्ट्या सगळं काचेसारखं पारदर्शक, मागचं चित्र त्यातून दिसणारं. दिसायला देखणं, पण अक्षरं वाचता येत नाहीत अशी तक्रार लगेच सुरू झाली. चाचणीच्या काळात अ‍ॅपलने पारदर्शकता कधी कमी केली, कधी वाढवली. १५ सप्टेंबर २०२५ ला आयओएस २६ सगळ्यांसाठी आलं आणि नोव्हेंबरमध्ये २६.१ या आवृत्तीत ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’ या सेटिंगमध्ये ‘क्लिअर’ आणि ‘टिंटेड’ असे दोन पर्याय आले. टिंटेड निवडलं की काच गडद होते आणि अक्षरं उठून दिसतात.

यातून आपण काय घ्यायचं? जूनमध्ये वही-पेन घेऊन बसायचं, अभ्यास करायचा. पैसे मात्र सप्टेंबरनंतर लावायचे. ज्यांनी जूनमधल्या फोटोंवरून कोर्स छापला, माहितीपत्रक छापलं, त्यांच्या कपाटातही माझ्यासारखा एक कप्पा तयार झाला असेल.

अँड्रॉइडकडे काय चाललंय

आपल्या बहुसंख्य ग्राहकांच्या हातात अँड्रॉइड आहे, म्हणून तिकडे नीट बघू. २०१४ मध्ये गूगलने ‘मटेरियल डिझाइन’ आणलं. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ सोबत ‘मटेरियल यू’ आलं, म्हणजे तुम्ही वॉलपेपर बदलला की बटणांचे रंगही त्याला शोभतील असे बदलायला लागले. मे २०२५ मध्ये पुढची पायरी जाहीर झाली, ‘मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह’. मोठी बटणं, ठसठशीत अक्षरं, वेगवेगळे आकार, बोट लावलं की उसळणारी हालचाल.

गूगलने सांगितलं की यासाठी त्यांनी ४६ अभ्यास केले आणि १८,००० हून जास्त लोकांचा सहभाग घेतला. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडलं. ईमेल पाठवायचं ‘सेंड’ बटण मोठं केलं आणि कीबोर्डच्या अगदी वर आणून ठेवलं. लोकांना ते बटण आधीच्या मांडणीपेक्षा खूप लवकर सापडलं.

आता तुमचा कॅटलॉग उघडा. तुमच्या वेबसाइटवर, तुमच्या पोस्टवर ‘ऑर्डर कशी द्यायची’ हे किती मोठ्या अक्षरात आहे? बहुतेकांचं लोगो मोठा, स्वतःचा फोटो त्याहून मोठा आणि ऑर्डरचा नंबर कोपऱ्यात मुंगीएवढा! एवढ्या मोठ्या अभ्यासाचं सार आपल्याला फुकट मिळतंय. महत्त्वाचं काम एकच ठेवा आणि ते सगळ्यात मोठं दाखवा.

याच डिझाइनचा झटका आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये बसला. आठवतंय का? गूगलचं फोन अ‍ॅप भारतातल्या अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये कॉलसाठी आधीपासूनच असतं. त्याचं रूप एके दिवशी बदललं. आवडते नंबर आणि अलीकडचे कॉल ‘होम’ नावाच्या एकाच टॅबमध्ये गेले. कॉल घ्यायला आधी बोट वर सरकवायचो, त्याऐवजी आडवं सरकवायचं किंवा एकदाच टॅप करायचं असे पर्याय आले. फोन हॅक झाला की काय, म्हणून लोक घाबरले. घराघरांत, कट्ट्याकट्ट्यावर आठवडाभर हाच विषय होता.

वन यूआय ७ मध्ये सॅमसंगने असाच एक बदल केला. वरून बोट खाली ओढलं की सूचना आणि वायफाय-टॉर्चची बटणं पूर्वी एकत्र दिसायची. आता उजव्या कोपऱ्यातून ओढलं तर बटणं, बाकी ठिकाणाहून ओढलं तर सूचना. पुन्हा एकत्र करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती आहे हे किती जणांना माहीत असतं? जी गोष्ट फोनमध्ये आहे पण लोकांना सापडत नाही, ती सापडवून देणं हीसुद्धा एक सेवा आहे.

पुढच्या अपडेटकडून काय अपेक्षा ठेवायची?

आता मुद्द्यावर येऊ. क्रमाने बघितलं तर पुढचा टप्पा अँड्रॉइड १७ आणि आयओएस २७ चा. खाली जे सांगतोय ते गेल्या काही वर्षांच्या चालीवरून बांधलेले माझे अंदाज आहेत. ‘लीक झाले’ म्हणून फिरणारे फोटो मी यात धरलेले नाहीत.

१. मोठ्या बदलानंतर साफसफाई. २०१३ मध्ये आयओएस ७ ने सगळं रूप सपाट केलं, बटणांच्या चौकटीच काढून टाकल्या. लोकांना बटण कुठलं आणि साधं अक्षर कुठलं ते कळेना. मार्च २०१४ मध्ये ७.१ या आवृत्तीत बटणांना आकार दाखवायची सोय दिली गेली. लिक्विड ग्लासचंही तसंच चाललंय. शिवाय अ‍ॅपलच्या इंटरफेस डिझाइनचं नेतृत्व करणारे ॲलन डाय मेटाकडे जाणार असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं आणि ती जबाबदारी स्टीफन लिमे यांच्याकडे आली. घराचा कारभारी बदलला की मांडणी थोडी बदलतेच. त्यामुळे पुन्हा नव्याने तोडफोड होण्याऐवजी वाचायला सोपं करणं आणि जास्त पर्याय देणं यावर भर राहील असं मला वाटतं.

२. आयकॉनचा रंग ग्राहक ठरवणार. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून आयकॉनचा आकार फोन ठरवू लागला, कुठे गोल तर कुठे चौकोनी. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने इतर अ‍ॅपच्या आयकॉननाही वॉलपेपरच्या रंगात रंगवायची सोय दिली. २०२४ मध्ये आयओएस १८ ने आयकॉन एकाच रंगछटेत दाखवायचा पर्याय दिला आणि आयओएस २६ मध्ये ते चक्क पारदर्शक करता येतात. दिशा स्पष्ट आहे. ब्रँडचा रंग ब्रँडच्या हातातून ग्राहकाच्या हातात चाललाय.

३. सूचनांमध्ये ‘आत्ता कुठपर्यंत आलं’ हे दिसणार. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६.१ पासून लॉक स्क्रीनवर चालू घडामोडी दिसतात. अँड्रॉइड १६ मध्येही जेवणाची डिलिव्हरी, टॅक्सी, रस्ता यांची प्रगती दाखवणाऱ्या सूचना आल्या. हे वाढतच जाणार.

४. मोठी अक्षरं, मोठ्या स्क्रीन. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येऊ लागली. चाळिशीचा चष्मा लागलेले आपले ग्राहक ही सोय भरपूर वापरतात. घडीचे फोन आणि टॅब्लेट यांच्यासाठीही नियम कडक होताहेत. अँड्रॉइड १७ ला धरून बनवलेल्या अ‍ॅपना मोठ्या स्क्रीनवर ‘आम्ही फक्त उभेच दिसू’ असं म्हणायची सूट राहणार नाही, हे गूगलने आधीच सांगून ठेवलंय.

याचा तुमच्या धंद्याशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, “सर, माझं ना अ‍ॅप आहे ना सॉफ्टवेअर कंपनी. मी पापड-लोणची विकते.” ताई, तुमचा ग्राहक तुमचं लोणचं चाखण्याआधी ते फोनवर बघतो. म्हणून ही चार कामं करा.

झेरॉक्स टेस्ट. तुमचा लोगो जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात न्या, काळा-पांढरा काढा आणि नखाएवढा छोटा करा. ओळखू येतो का? फक्त रंगामुळे ओळखू येणारा लोगो आता धोक्यात आहे, कारण रंग बदलणार आहे. आकारावरून ओळखू येणारा लोगो कुठेही टिकतो. लोगोच्या मागचा भाग पारदर्शक असेल आणि अक्षरं काळी असतील, तर डार्क मोडच्या काळ्या पानावर तुमचं नाव गायब होतं. दोन्ही मोठ्या सिस्टीमवर २०१९ पासून डार्क मोड आहे, तरी अनेकांनी हे एकदाही तपासलेलं नाही. आज रात्री स्वतःची वेबसाइट डार्क मोडमध्ये उघडून बघा.

भाव फोटोत लिहू नका. ग्राहकाने फोनची अक्षरं मोठी केली की मेसेजमधला मजकूर मोठा होतो. फोटोवर लिहिलेला मजकूर मात्र तेवढाच राहतो. म्हणजे ज्या काकूंना सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच तुमचा भाव दिसत नाही. फोटो स्वच्छ ठेवा. नाव, वजन, भाव हे खाली मजकुरात लिहा.

तीन मेसेजचा नियम. मोठ्या कंपन्यांनी ग्राहकाला ‘ऑर्डर कुठपर्यंत आली’ हे बघायची सवय लावली आहे. तीच अपेक्षा तो तुमच्याकडून ठेवतो, बोलून दाखवत नाही एवढंच. अ‍ॅप नको, खर्च नको. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मेसेज ठरवून ठेवा. ‘ऑर्डर मिळाली’, ‘तयार होतेय’, ‘निघाली, अमुक वाजता पोहोचेल’. आमच्या बॅचमधल्या एका केकवाल्या ताईंनी हे सुरू केलं आणि ‘कुठपर्यंत आलं हो?’ असे फोन जवळजवळ थांबले, असं त्या सांगतात. क्रीम लावताना हात मोकळा राहिला, हा वरचा फायदा.

धंद्याचा फोन सणाच्या तोंडावर अपडेट करू नका. ज्या फोनवर ऑर्डर येतात, पैसे जमा झाल्याचं कळतं, तो फोन म्हणजे तुमचा गल्ला आहे. ऐन गर्दीत गल्ल्याचं कुलूप कोणी बदलतं का? डोंबिवलीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंचा नियम ऐका. गणपतीच्या वीस दिवस आधी सिस्टीम अपडेट आणि प्ले स्टोअरमधलं आपोआप होणारं अ‍ॅप अपडेट, दोन्ही थांबवायचं. त्याआधी बॅकअप घ्यायचा. आणि जाहिरातीत कायम दोन नंबर द्यायचे, दोन वेगळ्या फोनवरचे. अनंत चतुर्दशी झाली की निवांत बसून अपडेट करायचं. कायमचं थांबवायचं मात्र नाही हं! अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. वेळ आपण निवडायची, एवढाच मुद्दा.

आणि आता संधी

मघाशी वहीत लिहिलेलं वाक्य काढा. एकच फोन, सात वर्षं, तीन-चार रूपं आणि समजावायला कोणी नाही. या रिकाम्या जागेत कोणते छोटे व्यवसाय बसतात?

पहिला, ‘अपडेटनंतरची मदत’. मोबाइल रिपेअरिंग किंवा रिचार्जचं दुकान असेल तर उद्यापासून सुरू करता येईल. नसेल तर घरोघरी जाऊन करा. ज्येष्ठ नागरिकांचा फोन हातात घ्यायचा, अक्षरं मोठी करायची, कॉल घ्यायची पद्धत त्यांना हवी तशी लावायची, मुलांचे नंबर पहिल्या पानावर आणायचे आणि त्यांच्याच हातून पाच वेळा करून घ्यायचं. हिशोब करून बघू. समजा तुमच्या परिसरातल्या ४० घरांशी तुम्ही बोललात आणि १५ घरांनी वर्षातून दोन भेटींसाठी ५०० रुपये दिले, तर ७,५०० रुपये झाले. एवढ्यात पोट भरणार नाही, मी खोटं स्वप्न दाखवत नाही. पण ही १५ घरं तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतात आणि पुढचा फोन, कव्हर, रिचार्ज, सीसीटीव्ही यांची चौकशी तुमच्याकडेच येते.

एक कडक नियम पाळा. पिन, पासवर्ड, ओटीपी यांना हात लावायचा नाही. ते टाकायची वेळ आली की मान दुसरीकडे वळवायची. आणि प्रत्येक घरात हे सांगून यायचं की फोनचं अपडेट फक्त फोनच्या सेटिंगमधून येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेसेजमध्ये ‘अपडेट करा’ म्हणून आलेली लिंक किंवा एपीके फाइल कधीच उघडायची नाही. रूप बदललं की लोक गोंधळतात आणि गोंधळलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं. तुम्ही कोणाचे पैसे वाचवलेत तर तीच तुमची सगळ्यात मोठी जाहिरात.

दुसरा, मराठीतले छोटे व्हिडिओ. मोठे टेक चॅनल नवीन काय आलं ते सांगतात. ‘आईच्या फोनवर कॉल उचलला जात नाहीये, काय करू?’ याचं दोन मिनिटांचं मराठी उत्तर फार थोडे जण देतात. बदल आल्यावर पहिल्या आठवड्यात हे उत्तर ज्याच्याकडे असेल त्याला प्रेक्षक मिळतात. महिनाभराने केलं तर वरातीमागून घोडं.

तिसरा, छोट्या व्यावसायिकांसाठी दुरुस्ती. ग्राफिक डिझाइन येत असेल तर ‘झेरॉक्स टेस्ट’ला नापास झालेले लोगो तुमच्या गावात किती आहेत ते मोजा. किराणा, क्लासेस, ब्यूटी पार्लर, दवाखाना. प्रत्येकाला लोगोचे तीन प्रकार द्या. रंगीत, एकरंगी आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा. त्यांना फोनवर फरक दाखवा, विकायला वेगळं बोलावं लागत नाही.

आणि एक सावधगिरी. अ‍ॅक्सेसरीजच्या धंद्यातल्या मित्रांनो, ‘नवीन रूप आलं’ अशी बातमी वाचून माल भरू नका. सॉफ्टवेअरचं रूप बदललं म्हणून कव्हर आणि स्क्रीनगार्डचं माप बदलत नाही. उलट लोक जुनाच फोन जास्त वर्षं वापरणार असतील, तर जुन्या मॉडेलची कव्हर, बॅटरी आणि चार्जिंग केबल यांना मागणी राहील. आयओएस २६ आयफोन ११ पासून पुढच्या फोनवर चालतं. आयफोन ११ आला २०१९ मध्ये. म्हणजे तो फोन अजून कोणाच्या तरी खिशात नव्या रूपात फिरतोय. त्याचं कव्हर तुमच्या दुकानात आहे का?

या आठवड्याचा गृहपाठ

- सोमवारी लोगोची झेरॉक्स टेस्ट.
- मंगळवारी वेबसाइट आणि कॅटलॉग डार्क मोडमध्ये आणि मोठ्या अक्षरांत उघडून बघा.
- बुधवारी तीन मेसेज लिहून सेव्ह करा.
- गुरुवारी धंद्याच्या फोनचा बॅकअप घ्या आणि पुढच्या सणाच्या वीस दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.
- शुक्रवारी ओळखीच्या तीन ज्येष्ठांना विचारा, “फोनमध्ये अलीकडे काय बदललं जे तुम्हाला त्रास देतंय?” उत्तरं लिहून घ्या. तुमचा पुढचा व्यवसाय कदाचित त्या कागदावर असेल.

जाता जाता त्या १८० पुस्तिकांचं सांगतो. टाकून दिल्या नाहीत. आता प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी मी एक प्रत सगळ्यांना दाखवतो आणि पान बारा उघडतो. “हे बटण तुमच्या फोनमध्ये शोधा,” म्हणतो. कोणालाच सापडत नाही. मग विचारतो, “बरं, या बटणाने काय काम होत होतं?” हळूहळू उत्तर येतं. “ते काम आता तुमच्या फोनवर कुठून होतं, ते शोधा.” पाच मिनिटांत सगळ्यांना सापडतं, त्या काकांनाही सापडलं. नवी पुस्तिका मी त्याच पद्धतीने लिहिली आहे. फक्त २४ पानं, फोटो एकही नाही, आणि या वेळी छापल्या फक्त १०० प्रती.

गृहपाठ करा आणि तुमचा लोगो झेरॉक्स टेस्टमध्ये पास झाला की नापास, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!